हवेचं माप

आदल्या दिवशी इमारतीची टाकी धुवायला काढली होती, म्हणून सकाळी नळ कोरडा होता, आणि पाणी आलं की कळावं म्हणून तिने स्वयंपाकघरातला नळ उघडाच ठेवला होता. उघडा म्हणजे पूर्ण, शेवटच्या आट्यापर्यंत, कारण कुठलीही गोष्ट अर्धीमुर्धी करायचं तिच्या हाताला वळणच नव्हतं. ती ओट्याशी कांदा चिरत होती. आधी नळाने नुसता उसासा टाकला. मग बारीक शीळ सुरू झाली, ती वाढत वाढत घरभर ऐकू जाईल इतकी झाली, आणि तिला बरंच वाटलं. हवा जातेय, मागून पाणी येतंय. मग एक थेंब, मग तांबूस थुंकी, आणि मग भिंतीच्या आतून कुणीतरी लाथ घालावी तसा दणका बसला. नळ मानेपासून थरथरला, फडताळातल्या कपबश्या एकमेकींवर आपटल्या, आणि ओट्यामागच्या टाइलला, बरोबर जिथे पाइप आत वळतो तिथे, केसाएवढी रेघ उमटली. मग पाणी गुणी पोरासारखं वाहू लागलं.

"पाणी आलं का धाड पडली?" न्हाणीघरातून नवऱ्याने विचारलं. तो अर्धी दाढी करून आदल्या दिवशीच्या बादलीतल्या पाण्यावर दिवस ढकलत होता.

"पाणी आलं."

"मग ते दारातून येतं का भिंतीतून?"

सुरी हातात तशीच होती. रेघेवरून तिने ओलं बोट फिरवलं; बोटाला काही लागलं नाही, पण डोळ्यांना दिसत होती. नळ जरासाच उघडा असता तर हवा कुरकुरत, अडत, रांगेने बाहेर पडली असती आणि पाणीही तिच्यामागून मुकाट्याने आलं असतं. तिने हवेला सताड दार उघडून दिलं होतं. हवेला काय, वजन ना काही, ती भुर्रकन गेली. तिच्यामागे धावत सुटलेल्या पाण्याला मात्र नळाच्या त्याच तोंडाशी एकदम थांबायची वेळ आली. पाणी थांबतं. त्याची धाव थांबत नाही, ती भिंतीत जाते. एवढं साधं गणित. तिने ते कॉलेजात सोडवलेलं होतं, मुलाखतीत सांगितलेलं होतं, आणि आज टेकडीवरची पाण्याची नवी लाइन पहिल्यांदा भरणार होते.

"अगं, कांदा जळतोय," नवरा म्हणाला. कांदा अजून चिरूनसुद्धा झाला नव्हता. जळत होतं ते रिकामं तेल.

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे दोनबोटे बाई म्हणायचे. आडनाव वाटावं इतकं ते रुळलं होतं. एकदा तर नव्या शिपायाने पाकिटावर तसं लिहूनही टाकलं होतं आणि ती हसून सही करून मोकळी झाली होती. पाणीखात्याच्या आराखडा विभागात तिने आखलेली प्रत्येक गोष्ट लागते त्याहून दोन बोटं जास्त असायची. टाकी दोन बोटं उंच, भिंत दोन बोटं जाड. तिला त्याचं वाईट वाटत नसे. ज्यांना कमी पडायची भीती ठाऊक नाही ते हसणारच, असं ती मनात म्हणायची, आणि हसणाऱ्यांच्याच आराखड्यांवर हळूच पेन्सिलीने आकडा वाढवून द्यायची. लोकही मोठे बेरकी होते. तोंडावर दोनबोटे म्हणायचे नाहीत आणि स्वतःचा कागद मात्र तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकवायचे नाहीत. थट्टा तिची, आणि धीरही तिचाच.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रोजच्याच चेहऱ्यांची रोजचीच गर्दी होती, आणि एकाच्या पिशवीतून पंपाचा की सायकलचा कसलासा दांडा तिच्या गुडघ्याला टोचत होता. तिला आई आठवली. आठवायचं कारण नव्हतं, पण माणूस घाबरला की आधी आईकडेच धावतो, आई असो नसो. आई सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची. फ्रॉक गुडघ्याखाली लोळणारा, कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, बुटांच्या टोकात कापूस. तोकडं झालं तर रडशील, मोठं झालं तर दुमडशील, असं आई म्हणायची, आणि त्या घरात तो कायदा होता. ती त्या कापसावर पाऊल टाकत वाढली. चालताना नेहमी वाटायचं की बुटात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे. पण एक खरं, तिचे बूट कधी चावले नाहीत. आणि मोठ्या मापाने कुणाचं वाईट होतं ही गोष्ट त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आली नाही.

आणि ती चपटी झालेली लाइन. ती आठवली की तिच्या तळहातांना अजून घाम येई. नोकरी नवी होती, साहेबांच्या मागोमाग कागदांची गुंडाळी घेऊन हिंडायचे दिवस. एका उतारावर खालच्या बाजूला लाइन फुटली, पाणी भसकन खाली निघून गेलं, आणि वरून आत यायला हवेला पुरेशी वाटच नव्हती. बाहेरच्या हवेने चांगली पोलादी लाइन वरून दाबून चप्पट करून टाकली. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, लोक शेजारून जात येत होते, आणि ती लाइन रस्त्याच्या कडेला अशी पडली होती की टूथपेस्टची संपलेली नळी कुणी मुठीत पिळून टाकावी. तिने तिला हात लावला. आतून रिकामं झालेलं कुठलंही धड इतक्या मुकाट्याने बसतं हे तिला माहीत नव्हतं. पुढे आई गेली तेव्हा तिने ते पुन्हा पाहिलं. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, शर्ट तोच, चष्मा तोच, आणि दोन्ही बाजूंनी कुणीतरी दाबल्यासारखे. जेवलात का म्हटलं तर हो म्हणायचे आणि ताट तसंच असायचं. त्यांच्यात काही भरायला हवं होतं, आणि कुणाला वाट सापडत नव्हती.

तेव्हापासून तिचं सगळं गणित रिकामं होण्याच्या बाजूने मांडलेलं असे. टेकडीच्या माथ्यावर, जिथे लाइन सगळ्यात उंच जाते, तिथे एअर व्हॉल्व्ह बसवायचा होता. साधं भांडं, आत एक गोळा, माथ्यावर तोंड. लाइन रिकामी होताना त्या तोंडातून हवा आत येते आणि लाइन चपटी होत नाही. लाइन भरताना त्याच तोंडातून हवा बाहेर जाते, पाणी पोचलं की गोळा वर तरंगतो आणि तोंड बंद करतो. हवा आत यायला तोंड मोठं हवं. ती बाहेर जायला मात्र लहान हवं, म्हणजे थोडी हवा आत अडून राहते, आणि धावत येणाऱ्या पाण्यापुढे गादीसारखी दबत जाते. दोन कामांना दोन मापं. तिने एकच काढलं होतं. आत येणाऱ्या हवेचं. रिकामपणाला पुरेल असं. भरण्याचा दिवस तिच्या डोक्यातच आला नव्हता.

आणि तेही तेवढ्यावर राहिलं नव्हतं. तिने आपल्या सवयीने एक नंबर वाढवला. साहेबांनी सही करताना पेन उचलून विचारलं होतं, "बाई, टेकडीवर काही कमी पडायला नको हं," आणि स्वतःच्या हाताने आणखी एक नंबर वाढवला. त्यांना वाटलं की यंदा काळजी घेणारे आपणच. भांडारवाल्याने ते माप नाही म्हणून त्याच्यावरचं मागवलं, आणि वर फोन करून सांगितलं की तुमच्यासाठी खास मोठा मिळवलाय. जो तो आपापली भर टाकत गेला, आणि जमाखर्च पाहिला तर प्रत्येकाच्या नावावर पुण्यच निघालं असतं. बेरीज कुणी केली नाही. बेरीज करणं हे तिचं काम होतं, आणि अंतिम माप टेबलावर आलं तेव्हा तिने ते वाचून समाधानाने फाइल मिटली होती. ते समाधानसुद्धा तिला आता आठवलं; जेवणानंतर पाटावर बसून राहावं तसं, जड आणि उबदार.

ऑफिसचा थांबा आला. ती उठली, दांडेवाल्याने गुडघे आवळून वाट करून दिली, आणि ती पुन्हा खाली बसली. "उतरायचं नव्हतं तर उठलात कशाला?" तो म्हणाला. तिलाही ते सांगता आलं नसतं. बस टेकडीच्या दिशेने निघाली.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब खाली पंपघरात होते. मागे पंपाची घरघर होती आणि माणसं मोठमोठ्याने बोलत होती, लग्नघरात बोलतात तशी.

"बाई! तुम्हीही यायला हवं होतं. वर वसाहतीतले लोक भांडी घेऊन उभे आहेत म्हणे."

"साहेब, कितपत उघडलंय पंपाचं चाक?"

"कितपत म्हणजे? पूर्ण. दुपारच्या आत पाणी द्यायचं कबूल केलंय."

"जरा सावकाश भरलं तर? माथ्यावरचा व्हॉल्व्ह मोठा आहे."

"मोठा आहे म्हणून तर मी निवांत आहे!" साहेब हसले. "आपला वैद्य फिटर बसलाय तिथे. म्हणतो, साहेब, हवा अशी जातेय की टोपी उडाली. एकदम मोकळी नाडी."

तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. हवा इतकी मोकळी जातेय हेच वाईट आहे, साहेब. ती अडखळत जायला हवी होती. पण ते वाक्य म्हटलं की लगेच पुढचं यावं लागणार होतं: मग माप कुणी काढलं? आणि त्याच्याही पुढचं: मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? ती वाक्यं एकामागे एक, डब्यांसारखी जोडलेली तिला दिसली. ती म्हणाली, "मला आपलं असंच वाटतंय."

"दोनबो..." साहेब थबकले, खोकले. "तुम्हाला नेहमीच वाटतं, बाई. बरं, तुमच्या समाधानासाठी फिरवतो जरा चाक. ए, चाक एक आटा खाली घे रे! झालं?"

एका आट्याने काय होतं हे तिला ठाऊक होतं. झालं, असं ती म्हणाली. फोन बंद केल्यावरही हात कानाशीच राहिला, कारण आणखी कुणाचा तरी फोन येईल, कुणीतरी दुसरा हे बोलेल, असं तिला बराच वेळ वाटत राहिलं. समजूतदार माणसांचा हा जुना रोग आहे. चूक आपल्याला दिसली म्हणजे ती अजून कुणाला तरी दिसलीच असणार, आणि तो आपल्याहून धीट असणार.

बसच्या शेवटच्या थांब्यापासून माथा जवळ होता, पण चढ होता आणि तिच्या पायांत ऑफिसच्या चपला होत्या. रस्ता खालून वर येत होता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि मधोमध नव्या डांबराचा पट्टा, जखमेवर पट्टी मारावी तसा काळा. त्या पट्ट्याखाली लाइन होती. ती कडेने चालली. पट्ट्यावर पाय पडू नये म्हणून आपण कडेने चालतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं, आणि तरी ती कडेनेच चालत राहिली. आवाज तिला व्हॉल्व्ह दिसण्याआधीच ऐकू आला. शीळ नव्हती ती. लांबून वाटावं की एखादं मोठं जनावर दात न दाखवता श्वास सोडतंय. न थांबता, न दमता.

चेंबरचं झाकण बाजूला काढून ठेवलं होतं आणि काठावर वैद्य बसला होता. फिटर तो, पण व्हॉल्व्हच्या तोंडावर तळहात धरून हवा कशी जातेय ते सांगायचा, म्हणून त्याला सगळे वैद्य म्हणत. खात्यातली ती जुनी पद्धत होती. यंत्रं आली तरी लाइन भरताना कुणाचा तरी हात व्हॉल्व्हवर हवाच, आणि हवा जितकी जोरात, तितका वैद्याचा चेहरा फुललेला. त्याच्या विद्येत एवढंच होतं, आणि ती बिनचूक आहे यावर त्याचा, साहेबांचा, सगळ्यांचा विश्वास होता.

"या ताई!" तो ओरडला, त्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं. "हात धरून बघा! आजवर असा व्हॉल्व्ह नाही बसवला. काय जोर, काय जोर!"

त्याचा हात तोंडावर आडवा होता, बोटं वाऱ्याने मागे वळलेली, शर्टाची बाही फुगून गोल झालेली. ऊन होतं, कडेला दोन मजूर सावलीत बसून पत्ते पिसत होते. तिला एकदम कुणीतरी आत लांबवर धावतंय असं वाटलं. पायाखाली, काळोखात, कुठल्याही दिव्याशिवाय, ते पाणी टेकडी चढत होतं आणि त्याच्यापुढे कुणीच उभं नव्हतं.

"हात काढा, वैद्य."

"काय?"

"हात काढा म्हणते!"

"अहो ताई, हात काढला तर नाडी कशी..."

"नाडी राहू दे तुमची! वर या. बाहेर या आधी. मी सांगते म्हणून या."

तिने त्याच्या बाहीला धरून ओढलं. इतक्या वर्षांत तिने खात्यातल्या कुणाला हात लावला नव्हता; मजुरांनी पत्ते हातातच धरून पाहिलं. वैद्य थोडा रागावून, थोडा हसत काठावरून मागे सरकला. "मोठ्या घरच्या लेकींना आवाज सोसत नाही," असं तो मजुरांकडे बघून म्हणाला, आणि ते हसायच्या आत आवाज बदलला. जनावराचा श्वास बारीक झाला. तोंडावर धुकं उठलं, एक पांढरी काठी उभी राहिली, आणि गोळा वर येऊन बसला.

दणका मोठा नव्हता. तिने भिंतीतून ऐकलेल्या दणक्यापेक्षाही कदाचित लहान. तो कानाला झाला नाही, पायांना झाला. चेंबरच्या काठावरची माती एकदाच उडी मारून होती तिथे बसली. वैद्याच्या हातातलं पान्याचं टोक झाकणावर टण् वाजलं. मग शांतता झाली, इतकी की मजुरांपैकी एकाने पत्ता खाली टाकला तो ऐकू आला. व्हॉल्व्ह होता तिथे होता, ओला, चकचकीत, एक थेंबही न गळता.

"बघा," वैद्य हलकेच म्हणाला, आणि मग मोठ्याने, "बघा! काय केलं त्याने? पटकन बंद, एकदम कडक! ताई, तुम्ही माझा हात वाचवलात का माझी लाज काढलीत ते सांगा बरं!"

सगळे हसले. तीही हसली, तिला हसू येतंय याचंच तिला आश्चर्य वाटलं. बाबांना एकदा, आई गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी, असंच अचानक मोठ्याने हसताना तिने पाहिलं होतं, शेजाऱ्याच्या कुठल्याशा फालतू विनोदावर, आणि तिला वाटलं होतं, सुटलो, भरले एकदाचे. त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. इतका दाब एकदम सोसायची सवय राहिलेली नसते माणसाला, असं डॉक्टर दुसऱ्याच कशाबद्दल तरी म्हणाले होते.

फोन वाजला. साहेब.

"पोचलं वर! अभिनंदन, बाई, तुमचंच काम आहे हे! इथे दाबाचा काटा असा उडाला की पंपवाल्याने देवाचं नाव घेतलं. मी काचेवर टिचकी मारली, झाला शांत."

"कुठे शांत झाला?"

"म्हणजे?"

"काटा कुठे थांबलाय, साहेब?"

"जिथे थांबायला हवा तिथे. जरा अलीकडे, केसभर. जुना काटा आहे तो. चला, आता वसाहतीचं चाक उघडायला सांगतो."

"साहेब, लाइन चालत जाऊन बघायला हवी. आत्ता."

"उद्या बघू की! पाणी तर मिळू दे लोकांना." मागून कुणीतरी पेढा की काय ते साहेबांच्या तोंडात घातलं असावं, त्यांचं पुढचं बोलणं भरल्या तोंडाचं होतं, आणि मग फोन बंद झाला.

केसभर. वैद्य व्हॉल्व्ह पुसत होता, एखाद्या बक्षिसाच्या कपासारखा. दणका इथे बसला होता, पण इथे थांबला नव्हता. तो उलट्या पावली लाइनमधून खाली गेला होता, आवाजाच्याही पुढे, आणि वाटेत प्रत्येक सांध्यावर त्याने एकदा टकटक केलं होतं. जे सांधे घट्ट होते त्यांनी दार उघडलं नाही. कुठल्यातरी एकाने उघडलं असणार. नाहीतर काटा अलीकडे का थांबेल? आणि हेही तिला दिसलं, की संध्याकाळपर्यंत भांडारवाला हाच व्हॉल्व्ह पुढच्या लाइनसाठी मागवेल. आता तर तो आजमावलेला होता.

ती उतरू लागली. या वेळी पट्ट्यावरून, मधून. समोरून आलेल्या रिकाम्या हातगाडीवाल्याने घंटा वाजवली तरी ती बाजूला झाली नाही. डांबर कोरडं होतं. दुकानं उघडी होती. एक बाई कापडाचा तागा उलगडून उजेडात धरत होती, एक जण वजनकाट्याची पारडी पुसत होता. सगळं इतकं नेहमीचं होतं की तिला त्याचा संशय येऊ लागला. तिने ओल शोधली, भेग शोधली, काहीच नव्हतं. आणि प्रत्येक काहीच नसलेल्या पावलागणिक ती आणखी सावकाश चालू लागली, कारण वर न येणारं पाणी आतल्या आत कुठेतरी जागा करत असतं.

वळणाजवळ डांबर संपून फरसबंदी सुरू होत होती, आणि लाइन तिथे रस्त्याच्या कडेला सरकत होती. तिथे एक किल्लीवाला बसला होता. मोठी छत्री, छत्रीच्या काड्यांना लोंबणाऱ्या किल्ल्यांच्या माळा, पुढे कानशीचं छोटं यंत्र, आणि खाली तीन पायांचं स्टूल. म्हातारा, जाड भिंगांचा. ती थांबली, कारण त्याने स्टूल दुकानाच्या भिंतीपासून ओढून पुढे, फरसबंदीवर आणलं होतं, आणि मूळच्या जागेवर त्याच्या बुडाखालची धूळ न बसलेली गोल खूण अजून दिसत होती.

"आज पुढे सरकलात?" तिने विचारलं.

"इथे गार लागतंय," तो कानस न थांबवता म्हणाला. "फरशी बघा हात लावून. उन्हाची असून मडक्यासारखी. कुणाचं पुण्य कुणास ठाऊक. किल्ली करायचीय?"

"मघाशी काही झालं का इथे? आवाज वगैरे?"

आता त्याने वर पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक? आवाज नाही. किल्ल्या वाजल्या. सगळ्या एकदम. वारा नव्हता, काही नव्हतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक येणार."

"काका, तिथून उठा."

"उठा म्हणजे? कमिटीच्या आहात का? मी पावती फाडलीय या महिन्याची."

"कमिटीची नाही. पाणीखात्याची. उठा आधी, मग सांगते."

"आधी सांगा, मग उठतो. साहेबांचा हुकूम असेल तर दाखवा." त्याने पुन्हा कानस उचलली. "रोज कुणी ना कुणी येतं. उठा म्हणतात, आणि मी उठलो की दुसरा येऊन बसतो."

हुकूम होता असं म्हणता आलं असतं. साहेबांनी पाठवलंय. तपासणी आहे. तिच्या तोंडाशी तीन तऱ्हेची वाक्यं आली, तिन्हींखाली कुणाची तरी सही होती आणि तिची नव्हती. फरसबंदीची एक फरशी दुसरीहून जरा खाली गेली होती, नखाएवढी. मघाशी ती तशी होती का हे तिला आठवेना.

"तुमच्याखाली पाण्याची लाइन आहे," ती म्हणाली. "ती फुटलीय. खालची माती जातेय. ती लाइन मी आखलीय, काका, आणि मी माप चुकलेय. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय."

म्हाताऱ्याने कानस थांबवली. भिंगांमागे त्याचे डोळे फार मोठे होते. मग तो हसला, दोनच दात दाखवून, अगदी मनापासून.

"वा! चूक तुमची, आणि जागा मी सोडू? हा कुठला न्याय, बाई? चूक तुमची तर बसा की तुम्ही इथे!" आणि त्या न्यायाची त्याला इतकी मजा वाटली, की ती कुणाला तरी जवळून सांगायलाच हवी म्हणून तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि कानस तिच्या नाकासमोर नाचवत दोन पावलं पुढे आला. "बसा! बसा ना!"

त्याच्या मागे स्टूल रिकामं उभं होतं. मग स्टुलाच्या एका पायाखालची फरशी कलली, आणि स्टूल, कुणी वरून हात ठेवून दाबावं तसं, आवाज न करता, सावकाश खाली गेलं. नंतर त्याच्या शेजारची फरशी गेली. यंत्र गेलं. छत्री उघडी होती ती भोकाच्या तोंडाशी अडकली, आणि तिच्या काड्यांवरच्या किल्ल्या एकसारख्या वाजू लागल्या, आणि खालून, फार खालून, वाहत्या पाण्याचा आवाज येऊ लागला.

म्हाताऱ्याचा कानसवाला हात अजून वरच होता. ती फोनवर बोलत होती हे तिला स्वतःच्या आवाजावरून कळलं. "पंप बंद करायला सांगा, साहेब. एकदम नाही, सावकाश चाक फिरवत. हो. वळणावर. माप चुकलंय. पहिला आकडा माझा आहे, तो तसाच लिहून घ्या." पलीकडून साहेब म्हणत होते की बाई, वर पाणी आलंय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि मग ते मागे वळून पंपवाल्याला हाका मारू लागले.

"बाई," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा पार गेली होती; शेजारच्याने शेजाऱ्याला विचारावं तसं त्याने विचारलं, "ही तुमची लाइन पुढे कुठून कुठून जाते?"

दाखवायला तिने हात वर केला. रस्ता सरळ खाली जात होता, आणि छत्रीवरच्या किल्ल्यांचा गलका ऐकून दोन्ही बाजूंच्या दुकानांतून माणसं, काय झालं ते बघायला, रस्त्यावर येत होती.